एकच डब्ल्यूएसडीएल फाइल : एक टूल म्हणतं चालेल, दुसरं म्हणतं चालणार नाही

चिंचवडकर

नमस्कार मंडळी. धागा तांत्रिक आहे, कंटाळा येणाऱ्यांनी खुशाल पाककृती विभागात जावं.

आमच्याकडे परदेशातल्या एका विमा कंपनीचं काम आहे. त्यांची दाव्यांची जुनी सोप सर्व्हिस आहे (सोप म्हणजे दोन प्रोग्रॅमनी एक्सएमएलमधून एकमेकांशी बोलायची पद्धत). तिची डब्ल्यूएसडीएल फाइल (सर्व्हिसला काय विचारायचं, उत्तर कसं येईल ते सांगणारी) २००३-०४ च्या आसपासची असावी, कारण त्यानंतर तिला कुणी हात लावल्याचं दिसत नाही. आमचा क्लायंट प्रोग्रॅम इतकी वर्षं जावा ८ वर, ॲक्सिस १.४ ही सोपची लायब्ररी घेऊन, निमूट चालत होता. आता वरून फर्मान आलंय की सगळं जावा १७ वर न्या. सिक्युरिटीवाल्यांनी ॲक्सिसच्या जारवर लाल शेरा मारलाय तो वेगळाच.

झालं असं की जेडीकेमधला (जावाच्या संचातला) डब्ल्यूएसइम्पोर्ट, म्हणजे डब्ल्यूएसडीएलवरून जावा कोड बनवणारा जनरेटर, आता नाही. ठीक, मेव्हन या बिल्ड टूलच्या प्लगइनने आणला. त्याने फाइल उघडताच सांगितलं, 'आरपीसी/एनकोडेड' डब्ल्यूएसडीएल चालत नाही. सीएक्सएफ हे तसंच दुसरं टूल लावून पाहिलं, त्याचंही तेच. मग फाइलमधल्या स्कीमा (डेटाचे टाइप सांगणारे भाग) बाहेर काढून नुसत्या एक्सजेसी या जनरेटरला दिल्या, तर 'सोपएन्क:अरे' (अरे म्हणजे यादी) हा टाइप सापडत नाही म्हणून तो अडला.

गंमत म्हणजे हीच फाइल एक्सएमएल एडिटरमध्ये हिरवी टिकमार्क घेऊन बसते. सोपयूआय हे सोप सर्व्हिस तपासायचं टूल ती उघडतं, नमुना रिक्वेस्टही बनवून देतं. टीममधल्या पीएचपीच्या पोराने तर चार ओळींत कॉल करून दाखवला आणि वर माझ्याकडे बघून हसला.

तर प्रश्न असा : चुकीची फाइल आहे की टूल? समोरची मंडळी फाइल बदलणार नाहीत, 'सगळ्यांचं चालतंय, तुमचंच का अडतंय' हे त्यांचं ठरलेलं उत्तर. अशा वेळी तुम्ही काय करता?

पहिलाच

सोप अजून आहे? मला वाटलं तेरावंसुद्धा उरकलं.

धोंडोपंत

@पहिलाच, बँका, विमा, विमानकंपन्यांची तिकिटं, युरोपातली सरकारी खाती. कुठल्याही दाराची कडी वाजवा, आतून सोपच ओ देतो. युरोपीय संघाची व्हॅट नंबर तपासायची व्हीआयईएस सेवा आहे ना, तिलाही डब्ल्यूएसडीएल आहे. माझी निवृत्ती आधी होईल, त्याची नंतर.

चिंचवडकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मुक्ताताई देतील. त्या आल्या की मी गप्प बसून वाचतो.

मुक्ता_यूट्रेख्त

धोंडोपंत, हाक मारलीत म्हणून आले. :)

फाइल चुकीची नाही आणि टूलही चुकीचं नाही. ती फाइल ज्या काळातली आहे त्या काळातले नियम आणि आजच्या टूलचे नियम वेगळे आहेत. थोडा इतिहास सांगते, कारण तो माहीत असला की त्या एरर वाचून डोकं कमी फिरतं.

डब्ल्यूएसडीएल १.१ हे डब्ल्यूथ्रीसीचं (वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेचं) प्रमाण कधीच नव्हतं. अरिबा, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून दिलेला तो एक मसुदा. १५ मार्च २००१ ला डब्ल्यूथ्रीसीने तो 'नोट' म्हणून छापला, म्हणजे 'आमच्याकडे हे आलंय, वाचा' एवढंच. एक्सएमएल स्कीमा पक्की झाली २ मे २००१ ला, म्हणजे त्यानंतर. त्यामुळे त्या नोटमधल्या उदाहरणांत स्कीमाचा नेमस्पेसही (नावं कुठल्या गटातली ते सांगणारा पत्ता) २०००/१० चा आहे, आपण आज वापरतो तो २००१ चा नाही. ज्याच्या जोरावर टाइप सांगायचे तीच गोष्ट पक्की नव्हती, म्हणून सोप १.१ च्या पाचव्या विभागात एनकोडिंगचे स्वतंत्र नियम होते : अरे कसा लिहायचा, एकच ऑब्जेक्ट दोनदा आला तर काय करायचं वगैरे. 'आरपीसी/एनकोडेड' म्हणजे ते नियम.

पुढे प्रत्येक कंपनीने आपापला अर्थ लावला आणि कुणाचं कुणाशी जमेना. मग डब्ल्यूएस-आय नावाची संघटना २००२ मध्ये उभी राहिली. तिच्या बेसिक प्रोफाइलने (२००४) सरळ सांगितलं की बाइंडिंगमध्ये (मेसेज कसा लिहायचा ते सांगणाऱ्या भागात) 'लिटरल'च वापरायचं, म्हणजे मजकूर स्कीमात सांगितलाय तसाच, एनकोडेड नाही. जॅक्स-डब्ल्यूएस (डब्ल्यूएसइम्पोर्ट यातलाच), सीएक्सएफ, ॲक्सिस२ ही सगळी त्यानंतरची पिढी, त्यांनी एनकोडेड घेतलंच नाही. तुमचा ॲक्सिस १.४ आणि पीएचपीचं सोप एक्स्टेंशन आधीच्या पिढीचे नियम पाळतात, म्हणून त्यांचं चालतं.

हिरव्या टिकमार्कचं म्हणाल तर एडिटर बघतो की फाइल सुघटित आहे आणि डब्ल्यूएसडीएलच्या स्कीमात बसते. आत नाव घेतलेला टाइप खरंच कुठे आहे का, हे त्या तपासणीत येतच नाही. पत्रिका जुळली, संसाराचं पुढे बघू.

सोपान

नावातच सोप असल्यामुळे लिहिणं भाग आहे.

मुक्ताताईंना +१. एक भर : सोपयूआयमध्ये डब्ल्यूएस-आय तपासणीची सोय आहे. ती चालवा आणि तो रिपोर्ट समोरच्यांना पाठवा. 'आमचं टूल चालत नाही' म्हटलं की कुणी ढुंकून बघत नाही. 'तुमची फाइल २००४ च्या नियमात बसत नाही' म्हटलं की निदान मीटिंग तरी लागते.

चिंचवडकर

@सोपान, मीटिंग लागली होती. त्यात पुढची मीटिंग ठरली.

अनुष्टुभ

इतकं काय अवघड आहे? फाइल लोकल कॉपी करा, 'यूज इक्वल्स एनकोडेड' आहे तिथे 'लिटरल' करा, कोड जनरेट करा, विषय संपला. मी केलंय असं.

मुक्ता_यूट्रेख्त

@अनुष्टुभ, तुमच्या सर्व्हिसला चाललं असेल. इथे अडकायच्या बऱ्याच जागा आहेत.

पहिली जागा अरे. एनकोडेडमध्ये अरे म्हणजे सोपएन्क:अरे वरचं रिस्ट्रिक्शन आणि सोबत डब्ल्यूएसडीएल:अरेटाइप हे ॲट्रिब्यूट. लिटरल म्हटलं की याला अर्थ उरत नाही. तिथे साधा सीक्वेन्स आणि मॅक्सऑकर्स अनबाउंडेड (कितीही घटक चालतील) असा टाइप हाताने लिहावा लागतो. त्यातही, सोप १.१ प्रमाणे अरेमधल्या घटकांच्या नावांना महत्त्व नाही. म्हणजे सर्व्हर 'आयटम' पाठवेल, उद्या दुसरं काही पाठवेल, दोन्ही नियमात. जॅक्सबीला (एक्सएमएलचे जावा ऑब्जेक्ट करणाऱ्या लायब्ररीला) मात्र नेमकं नाव लागतं. नाव जुळलं नाही तर तो तक्रारही करत नाही, यादी रिकामी देतो. विम्याच्या दाव्यांची यादी रिकामी!

दुसरी जागा मल्टिरेफ. ॲक्सिस १ चा सर्व्हर असेल तर उत्तरात ऑब्जेक्ट जागच्या जागी न देता 'एचरेफ इक्वल्स हॅश आयडी०' असा दुवा देतो आणि खरा मजकूर बॉडीच्या तळाशी टाकतो. लिटरल समजून वाचणाऱ्या कोडला तो दुवा म्हणजे रिकामा एलिमेंट. सर्व्हरच्या डब्ल्यूएसडीडी या सेटिंग फाइलमध्ये 'सेंडमल्टिरेफ्स' फॉल्स करता येतं, पण तो सर्व्हर तुमच्या हातात नाही.

तिसरी, एक्सएसआय:टाइप, म्हणजे एलिमेंटचा टाइप सांगणारं ॲट्रिब्यूट. रिक्वेस्टमध्ये प्रत्येक एलिमेंटवर ते असावं असं काही जुने सर्व्हर धरून चालतात. लिटरल क्लायंट ते पाठवत नाही.

चिंचवडकर, उत्तराचा खरा एक्सएमएल आधी बघा. फाइलपेक्षा तो जास्त खरं सांगेल.

अनुष्टुभ

मान्य, माझ्या केसमध्ये अरे नव्हते. पण तुम्ही सांगताय ते सगळं करण्यापेक्षा जनरेटर फेकून द्या. टेम्प्लेटमध्ये एक्सएमएल लिहा, एचटीटीपी क्लायंटने पाठवा, उत्तर एक्सपाथने (एक्सएमएलमधला हवा तो भाग शोधायच्या भाषेने) वाचा. पाच ऑपरेशन असतील तर दोन दिवसांचं काम.

सोपान

पाच असतील तर. विमावाल्यांच्या फाइलमध्ये पाच ऑपरेशन? तिथे एका टाइपमध्ये पन्नास एलिमेंट असतात आणि त्यातले चाळीस ऐच्छिक.

नाना_तळेगाव

तरुण मंडळींनो, एका म्हाताऱ्याचंही ऐका. डब्ल्यूएसडीएल हा दोन पक्षांमधला करार आहे. आपल्याला सोयीचं नाही म्हणून आपल्या प्रतीत खाडाखोड करायची ही कसली पद्धत? उद्या त्यांनी सर्व्हिस बदलली, तुमच्या खाडाखोड केलेल्या प्रतीला पत्ताही नसेल. समोरच्याकडून नीट फाइल मागून घ्या. लेखी मागा. त्यांच्याकडे जुन्या एंडपॉइंटशेजारी (सर्व्हिसच्या पत्त्याशेजारी) डॉक्युमेंट/लिटरलचा दुसरा एंडपॉइंट उघडणं फार मोठं काम नाही.

केदार_न

नाना, आदर आहे, पण तुम्ही अशा क्लायंटबरोबर काम केलेलं नाही जिथे त्या सर्व्हिसचा सोर्स कोडच कुणाकडे नाही. सर्व्हर चालू आहे, बंद करायची हिंमत नाही, एवढंच त्यांना माहीत असतं.

बाय द वे, धाग्यात ज्याच्या हसण्याचा उल्लेख झाला त्या जमातीतला मी. पीएचपीवाला. चार ओळींत चालतं हे खरं, पण त्या पोराला दोन गोष्टी विचारा. एक, यादीत एकच नोंद आली तर काय होतं? पीएचपीचा सोपक्लायंट मग अरे देत नाही, थेट ऑब्जेक्ट देतो. दोन दावे असले की फॉरईच नीट फिरतं, एकच असला की त्या एकाच दाव्याच्या फील्डवरून फिरत बसतं. त्यासाठी 'सोप_सिंगल_एलिमेंट_अरेज' हे फीचर चालू करावं लागतं, आणि ते बहुतेकांना प्रॉडक्शनमध्ये गेल्यावर कळतं.

दुसरं, कॅश. डब्ल्यूएसडीएल डीफॉल्टने ८६४०० सेकंद म्हणजे अख्खा दिवस कॅशमध्ये राहते. फाइल बदलली, सगळ्यांनी तपासली, आणि पीएचपी आपलं कालचीच घेऊन बसलंय. /टीएमपी मधल्या त्या फाइली उडवल्या की चालायला लागतं.

नाना_तळेगाव

केदार, सोर्स नसलेल्या सर्व्हिस मीही सांभाळल्यात, तेव्हा तुमची पिढी शाळेत होती. :) तेव्हाही मी लेखीच मागत होतो. उत्तर आलं नाही तर त्या न आलेल्या उत्तराची तारीख तरी हाताशी राहते.

पहिलाच

नानांचा हा सल्ला प्रिंट काढून क्यूबिकलमध्ये लावतोय.

रानजाई

अवांतर होईल पण विषय जवळचा आहे. आमच्याकडे आरपीसी नव्हतं, सगळं डॉक्युमेंट/लिटरल होतं, तरी भांडण झालंच. एका डब्ल्यूएसडीएलमध्ये एकाच नेमस्पेससाठी दोन एक्सएसडी:इम्पोर्ट होते (एक्सएसडी म्हणजे एक्सएमएल स्कीमा), दोन वेगळ्या फाइलींचे. डॉटनेटवाल्यांच्या स्कीमासेटने दोन्ही घेतल्या. आमच्या लिनक्सवर लिबएक्सएमएल२ या एक्सएमएल वाचणाऱ्या लायब्ररीने पहिली घेतली आणि दुसरीबद्दल 'स्किपिंग इम्पोर्ट' अशी वॉर्निंग टाकून पुढे गेला. वॉर्निंग लॉगमध्ये गाडली गेली आणि मग 'अमुक टाइप सापडत नाही' ही एरर भलत्याच जागी उगवली. जावातला झर्सेससुद्धा डीफॉल्टने हेच करतो. त्याला 'ऑनर-ऑल-स्कीमालोकेशन्स' हे फीचर चालू करून द्यावं लागतं.

कहर म्हणजे तिघेही बरोबर. स्कीमाच्या प्रमाणात स्कीमालोकेशन (इम्पोर्टमधला फाइलचा पत्ता) ही फक्त सूचना आहे. पाळलीच पाहिजे असं नाही.

आमचा उपाय : एक पातळ एक्सएसडी बनवली, तिच्यात दोन्ही फाइली एक्सएसडी:इन्क्लूडने ओढल्या आणि डब्ल्यूएसडीएलमध्ये तिचाच एक इम्पोर्ट ठेवला. सगळी टूल शांत.

मुक्ता_यूट्रेख्त

रानजाई, छान उदाहरण. इम्पोर्टवरून आणखी एक. डब्ल्यूएसडीएल:इम्पोर्टने एक्सएसडी फाइल ओढलेली असते ना, ती पाहून लोक लिहिणाऱ्याला नावं ठेवतात. पण २००१ च्या नोटमधल्या उदाहरणातच ते तसं दिलंय! बेसिक प्रोफाइलने नंतर सांगितलं की डब्ल्यूएसडीएल:इम्पोर्ट फक्त डब्ल्यूएसडीएलसाठी आणि स्कीमा ओढायची तर टाइप्सच्या आतल्या एक्सएसडी:स्कीमामध्ये एक्सएसडी:इम्पोर्ट. ज्याने मूळ कागद वाचून इमानदारीने फाइल लिहिली तोच आज गुन्हेगार ठरतो.

वेताळ२५

इम्पोर्टवरून आठवलं. जावा ८ वर गेलो तेव्हा सगळ्या बिल्ड अचानक पडल्या होत्या, फाइलींत काडीचाही बदल नसताना. 'फाइल ॲक्सेस इज नॉट अलाउड ड्यू टू रिस्ट्रिक्शन सेट बाय द ॲक्सेसएक्स्टर्नलस्कीमा प्रॉपर्टी'. सुरक्षेसाठी बाहेरच्या स्कीमा वाचायला बंदी आली होती. नेटवर जो तो सांगतो 'ऑल' करा. करा, पण बिल्डपुरतं. प्रॉडक्शनच्या जेव्हीएमला तो पॅरामीटर चिकटलेला पाहिलाय मी.

आणि कृपा करून स्कीमा, डीटीडी (एक्सएमएलची रचना सांगायची जुनी पद्धत) दर वेळी डब्ल्यूथ्रीसीच्या साइटवरून ओढू नका. २००८ मध्ये त्यांनी स्वतः जाहीर लिहिलं होतं की डीटीडीसाठी दिवसाला १३ कोटींपर्यंत रिक्वेस्ट येतात, आणि त्या बहुतेक अशाच झोपेत लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या. लोकल प्रती ठेवा, एक्सएमएल कॅटलॉग (कुठल्या पत्त्याऐवजी कुठली लोकल फाइल घ्यायची ती यादी) लिहा. बिल्ड विमानात बसूनही झाली पाहिजे.

सोपान

@वेताळ२५, विमानात बिल्ड कोण करतो?

वेताळ२५

ज्याचा मॅनेजर शेजारच्या सीटवर आहे तो.

हर्णै_बंदर

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे)

धोंडोपंत

तारखेचं कुणीच बोललं नाही अजून! सगळ्यांत महाग प्रकरण तेच.

एका प्रोजेक्टमध्ये पॉलिसी सुरू होण्याची तारीख १ एप्रिल. भारतातून एक्सएसडी:डेट पाठवायची. जावात ग्रेगोरियनकॅलेंडरपासून एक्सएमएलग्रेगोरियनकॅलेंडर बनवला की तो टाइमझोनही सोबत नेतो, म्हणून तारीख गेली '०४-०१+०५:३०' अशी. पलीकडच्या टूलने ती यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) नेली. आपल्या १ एप्रिलची मध्यरात्र तिथे ३१ मार्चचे संध्याकाळचे साडेसहा. तास-मिनिटं कापली, उरली ३१ मार्च. म्हणजे पॉलिसी मागच्या आर्थिक वर्षात!

दोन्ही बाजूंचा एक्सएमएल स्कीमात बसणारा. व्हॅलिडेटर खूश. हिशेब करणारे तेवढे नाखूश. उपाय एका ओळीचा, टाइमझोनला 'फील्ड_अनडिफाइन्ड' करून फक्त तारीख पाठवायची. पण ती ओळ सापडेपर्यंत ऑडिटवाले येऊन बसले होते.

रानजाई

अरे देवा. आणि डॉटनेटवाल्यांचं ते 'स्पेसिफाइड'! मिनऑकर्स शून्य (म्हणजे ऐच्छिक) असलेला आकडा किंवा तारीख असेल तर जनरेटर सोबत एक बूलियन (हो/नाही) बनवतो, 'अमाउंटस्पेसिफाइड' असा. रक्कम भरली आणि तो ट्रू करायला विसरलात की रक्कम पाठवलीच जात नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही. समोरचा म्हणतो तुम्ही पाठवली नाही, आपण डीबगरमध्ये रक्कम दाखवत बसतो.

मी_अमृता

डॉटनेट निघालंच आहे तर माझीही अडचण सोडवा कुणीतरी. एका जुन्या एएसएमएक्स सर्व्हिसचं डब्ल्यूएसडीएल जावात ओढतेय. 'एस:स्कीमा'चा रेफरन्स सापडत नाही म्हणतंय. ते तर स्कीमाचंच नेमस्पेस आहे, ते कसं सापडत नाही?

मुक्ता_यूट्रेख्त

@मी_अमृता, त्यांनी मेथडमधून डेटासेट (डॉटनेटमधला तक्त्यांचा संच) परत केलाय. डॉटनेट तेव्हा डब्ल्यूएसडीएलमध्ये लिहितो : आधी एक स्कीमा येईल, मग काहीही येईल. म्हणजे रचना फाइलमध्ये नाहीच, ती उत्तरासोबत चालत्या गाडीत येते. दोन्ही टोकांना डॉटनेट असेल तर सुख, नाहीतर कुणालाच कळत नाही आत काय आहे. जावासाठी एक तोडगा : डब्ल्यूएसइम्पोर्टला बाइंडिंग फाइल म्हणून एक्सएमएल स्कीमाचीच एक्सएसडी द्या. लोकल प्रत हां, नाहीतर वेताळ रागावतील. सोबत नाव आदळू नये म्हणून ऑटोनेमरिझोल्यूशन चालू करा. क्लास बनतील, पण आतलं सगळं 'एनी' म्हणून येईल आणि डॉमनेच, म्हणजे एकेक एलिमेंट हाताने शोधत, वाचावं लागेल.

जमलं तर त्यांना डेटासेटऐवजी साध्या क्लासची यादी परत करायला सांगा.

नाना_तळेगाव

लेखी.

मी_अमृता

:D धन्यवाद ताई, नाना. नेमस्पेस टेम्पयुरी डॉट ऑर्ग आहे, त्याचंही काही करावं लागेल का?

सोपान

टेम्पयुरी म्हणजे 'तात्पुरतं, नंतर बदलू' म्हणून मायक्रोसॉफ्टने दिलेलं डीफॉल्ट. भारतातल्या तात्पुरत्या गोष्टी किती टिकतात माहीतच आहे, पण या बाबतीत जग आपल्या बरोबरीने आहे. एकच सर्व्हिस असेल तर काही करू नका. दोन वेगळ्या सर्व्हिस, दोन्ही टेम्पयुरी, दोन्हींत 'रिझल्ट' नावाचा टाइप असेल, तर वेगवेगळ्या पॅकेजमध्ये जनरेट करा, नाहीतर एक दुसऱ्याला खाऊन टाकेल.

पहिलाच

तुमचं सगळं वाचून एकच म्हणावंसं वाटतं : एक्सएमएल सोडा, जेसन घ्या. आयुष्य सोपं करा.

केदार_न

जेसनमध्येही तेच नाटक आहे, कपडे बदलून. ओपनएपीआय म्हणजे जेसनवाल्यांचं डब्ल्यूएसडीएल. त्याच्या ३.० मध्ये 'नलेबल' (रिकामं चालेल) होतं. २०२१ मध्ये ३.१ आलं, ते जेसन स्कीमाशी जुळवून घेतलेलं, त्यात 'नलेबल' काढून टाइपच्या यादीत 'नल' लिहायचं ठरलं. अर्ध्या जनरेटरांना अजून ३.१ नीट पचत नाही. 'वनऑफ' (यांपैकी एक) लिहून क्लायंट बनवून बघा, प्रत्येक भाषेत वेगळं बाळ जन्माला येतं. मी सध्या त्याच कामात आहे आणि मला एक्सएसडीची आठवण येते, हे माझ्या तोंडून निघतंय!

धोंडोपंत

आणि तुम्ही सकाळी चहावाल्याला यूपीआयने पैसे दिलेत ना, त्याचे आतले मेसेज एक्सएमएलमध्येच जातात, डिजिटल सही करून. सोप नाही, पण एक्सएमएलच. तेव्हा जरा सांभाळून बोला, उद्या चहा बंद होईल.

पहिलाच

शरण.

अनुष्टुभ

चर्चा चांगली चालली आहे, पण चिंचवडकर कुठे गेले? त्यांनी उत्तराचा एक्सएमएल बघितला का?

चिंचवडकर

आहे, आहे. रिलीजमध्ये अडकलो होतो.

बघितला. मुक्ताताई म्हणाल्या तसंच निघालं. मल्टिरेफ आहेत, आणि स्ट्रिंग साध्या एक्सएसडी:स्ट्रिंग नाहीत, सोपएन्क:स्ट्रिंग आहेत. नानांच्या सल्ल्याप्रमाणे लेखी विचारलं. उत्तर आलं, की या आर्थिक वर्षात बदल शक्य नाही. (नाना, तारीख नोंदवून ठेवली आहे.)

मग असं केलं. मूळ डब्ल्यूएसडीएल जशीच्या तशी रिपॉझिटरीत ठेवली, तिला हात नाही. तिच्यावर बिल्डमध्ये एक एक्सएसएलटी (एक्सएमएलचं रूपांतर करणारी स्क्रिप्ट) चालते. ती एनकोडेडचं लिटरल करते, सोपएन्क:अरेच्या जागी सीक्वेन्स घालते, सोपएन्क:स्ट्रिंग आणि मंडळींना एक्सएसडीचे टाइप देते. त्यातून निघालेल्या फाइलवर डब्ल्यूएसइम्पोर्ट. हाताने खाडाखोड शून्य, आणि उद्या त्यांनी फाइल बदलली तर मूळ प्रतीतच डिफ दिसेल. नानांचा आक्षेप यातून थोडा तरी सुटावा.

चालताना मध्ये एक सोपहँडलर (जाता-येता मेसेज बदलणारा कोड) बसवलाय. जाताना एक्सएसआय:टाइप लावतो, येताना मल्टिरेफ सपाट करून मजकूर जागच्या जागी आणतो, अरेमधल्या घटकांना 'आयटम' हे एकच नाव देतो आणि एक्सएसआय:टाइप काढून टाकतो. टेस्ट सर्व्हरवर दाव्यांची यादी भरलेली येतेय.

मुक्ता_यूट्रेख्त

वा! एक्सएसएलटीची कल्पना मस्त. दोनच सूचना. येताना एक्सएसआय:टाइप सरसकट काढू नका. त्यांच्या स्कीमात एक्स्टेंशन वापरलं असेल, म्हणजे 'दावा' हा मूळ टाइप आणि वाहन दावा, आरोग्य दावा हे त्याचे वारस, तर कुठला कोण हे फक्त त्या ॲट्रिब्यूटवरून कळतं. काढलं तर सगळेच साधे 'दावा' होतील. सोपएन्कवाले तेवढे काढा, त्यांच्या स्वतःच्या नेमस्पेसचे राहू द्या.

आणि एलिमेंटफॉर्मडीफॉल्ट (आतल्या एलिमेंटना नेमस्पेस लावायचा का, ते सांगणारं) दिलेलं नसेल तर तसंच राहू द्या. कुणीतरी उत्साहाने 'क्वालिफाइड' करतं आणि मग सर्व्हरला प्रत्येक फील्ड नल दिसतं.

चिंचवडकर

बापरे. वारस आहेत. वाहन आणि घर असे दोन. टेस्ट डेटात नुसते साधे दावे होते म्हणून दिसलं नाही. आजच हँडलर बदलतो.

वेताळ२५

डब्ल्यूएसइम्पोर्टचं मेव्हन प्लगइन २.३ चं घेतलंय ना? तीन किंवा त्यापुढचं घेतलंत तर जावॅक्सच्या जागी जकार्ता पॅकेज (त्याच लायब्रऱ्या, नवी नावं) येतात आणि जुना कोड बसत नाही. २.३ जावा १७ वर चालतं.

चिंचवडकर

हो, २.३ च. बाकीचं ॲप जकार्तावर जाईल तेव्हा बघू.

अनुष्टुभ

मी अजूनही म्हणतो की टेम्प्लेट आणि एक्सपाथमध्ये हे आधी झालं असतं.

सोपान

आणि वारसांचं काय केलं असतंत?

अनुष्टुभ

इफ-एल्स.

हर्णै_बंदर

माझ्याकडे कालच डब्ल्यूएसडीएल २.० ची फाइल आलीय, ती कशात उघडायची?

धोंडोपंत

२००७ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने रीतसर प्रमाण केलं ते हे, आणि वापरणारे इतके थोडे! ॲक्सिस२ ला ती कळते, तिथून सुरुवात करा. पीएचपी आणि डॉटनेटचा नाद सोडा. पुढचं नवीन धाग्यात विचारा, इथे नाना झोपले असतील.

नाना_तळेगाव

जागा आहे. ज्याने पाठवली त्याच्याकडून १.१ मागा.